डेटाबेसचं सेटिंग टिकत नाही? गेलं कधी ते आधी सांगा

‘सेटिंग सेव्हच होत नाहीये’ म्हणत कुणी आलं की मी एकच प्रश्न विचारते: गेलं कधी? बदल केल्याकेल्या गेलं, दुसरी विंडो उघडल्यावर गेलं, सर्व्हर रीस्टार्ट केल्यावर गेलं, की आठ-पंधरा दिवस नीट चालून मग गेलं? समोरच्याला हा प्रश्न फालतू वाटतो, कारण तोवर त्याने कॉन्फिग फाइल उघडून तीच ओळ पुन्हा पुन्हा लिहिलेली असते. पण निम्मं निदान याच उत्तरात असतं.

सर्व्हरमध्ये एकाच सेटिंगच्या एकाच वेळी निदान तीन व्हॅल्यू असू शकतात. एक तुमच्या कनेक्शनपुरती, म्हणजे सेशनची. दुसरी चालू सर्व्हरच्या मेमरीतली, म्हणजे ग्लोबल. तिसरी डिस्कवरच्या फाइलमधली, जी सर्व्हर उठताना वाचतो. या तिन्ही जागी एकदम लिहिणारं बटण बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये नसतं. आपण लिहितो एकीकडे, बघतो दुसरीकडे, आणि खापर फोडतो सॉफ्टवेअरवर. प्रत्यक्षात सेटिंग बहुधा सेव्ह झालेलं असतं, फक्त दुसऱ्या जागेवरची व्हॅल्यू त्याच्या वरचढ ठरलेली असते. म्हणून शोध घ्यायचा तो या वरचढ जागेचा.

कमांड आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांत, अंडरस्कोर जिथे दाखवला आहे तिथे देऊन लिहायची.

फाइल उघडण्याआधी सर्व्हरला विचारा

फाइल म्हणजे फक्त तुमची इच्छा. सर्व्हर काय मानतो आणि ते त्याने कुठून उचललं, हे त्यालाच विचारावं लागतं. चांगली गोष्ट ही की आजचे बहुतेक सर्व्हर ते सांगतात.

पोस्टग्रेसमध्ये पीजी_सेटिंग्ज नावाचा व्ह्यू (टेबलसारखा वाचता येणारा तक्ता) आहे. लोक त्यातलं नेम आणि सेटिंग एवढंच पाहतात. खरी माहिती पुढच्या कॉलममध्ये असते: सोर्स, सोर्सफाइल, सोर्सलाइन, कॉन्टेक्स्ट आणि पेंडिंग_रीस्टार्ट. सोर्सफाइल रिकामं दिसत असेल तर घाबरू नका. तुमचा युजर सुपरयुजर नसेल आणि त्याला पीजी_रीड_ऑल_सेटिंग्ज हा रोलही नसेल, तर ते कॉलम रिकामेच येतात.

एक उदाहरण पूर्ण उलगडून दाखवते, कारण ते फार वेळा समोर येतं. पोस्टग्रेसक्यूएल डॉट कॉन्फ या फाइलमध्ये वर्क_मेम (क्वेरीतल्या सॉर्टसारख्या कामाला मिळणारी मेमरी) ६४ एमबी लिहिलं, फाइल सेव्ह केली, रीलोडसाठी, म्हणजे सर्व्हर बंद न करता त्याला फाइल पुन्हा वाचायला लावण्यासाठी, पीजी_रीलोड_कॉन्फ हे फंक्शन चालवलं. त्याने टी म्हणजे ट्रू असं उत्तर दिलं. मग शो वर्क_मेम केलं तर १६ एमबी. पुन्हा फाइल उघडली, ६४ जागच्या जागी. पुन्हा रीलोड, पुन्हा १६.

इथे पहिला गैरसमज त्या ‘ट्रू’चा. त्याचा अर्थ एवढाच की रीलोडचा सिग्नल सर्व्हरला पाठवला गेला. सर्व्हरने फाइल वाचून काय केलं, याबद्दल ते उत्तर काही बोलत नाही. आता पीजी_सेटिंग्जमध्ये वर्क_मेमची ओळ पाहा. सेटिंगमध्ये १६३८४ आणि युनिटमध्ये केबी, म्हणजे १६ एमबी. सोर्समध्ये ‘कॉन्फिगरेशन फाइल’. इथपर्यंत ठीक. पण सोर्सफाइलमध्ये जी फाइल दिसते तिचं नाव पोस्टग्रेसक्यूएल डॉट ऑटो डॉट कॉन्फ, आणि सोर्सलाइन ३.

ही दुसरीच फाइल. ९.४ या आवृत्तीपासून आल्टर सिस्टम ही कमांड आली, आणि तिने केलेले बदल डेटा डिरेक्टरीतल्या या ऑटो फाइलमध्ये जातात. मुख्य फाइल आधी वाचली जाते, ऑटो फाइल शेवटी. एकच सेटिंग दोनदा आलं तर शेवटचं चालतं. म्हणजे कधीतरी कुणीतरी आल्टर सिस्टम वापरून १६ लिहून ठेवलं, आणि त्यानंतर मुख्य फाइलमध्ये काहीही लिहा, फरक पडत नाही. ओळ क्रमांक ३ का, तर पहिल्या दोन ओळींत ‘ही फाइल हाताने बदलू नका, आल्टर सिस्टम ती पुन्हा लिहील’ अशी सूचना असते. ती सूचना पाळा. उपाय असा: आल्टर सिस्टम रीसेट वर्क_मेम, मग रीलोड. ऑटो फाइलमधली ओळ जाते आणि मुख्य फाइलमधले ६४ लागू होतात.

सोर्समध्ये ‘कॉन्फिगरेशन फाइल’ऐवजी दुसरं काही दिसलं तर वाट बदलते. ‘डेटाबेस’ दिसलं तर कुणी आल्टर डेटाबेस करून त्या डेटाबेसपुरती व्हॅल्यू बांधली आहे. ‘युजर’ दिसलं तर आल्टर रोल. पीएसक्यूएल या पोस्टग्रेसच्या कमांड लाइन क्लायंटमध्ये उलटी तिरकी रेघ देऊन डीआरडीएस टाइप केलं की असे सगळे बदल एका तक्त्यात मिळतात. ‘कमांड लाइन’ दिसलं तर सर्व्हर सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्येच ती व्हॅल्यू दिलेली आहे, आणि तिच्यापुढे फाइलचं काही चालत नाही. ‘सेशन’ दिसलं तर तुम्हीच मघाशी त्या विंडोत सेट केलेलं तुम्हाला दिसतंय. ‘डीफॉल्ट’ दिसलं तर तुमची ओळ सर्व्हरपर्यंत पोचलेलीच नाही. अशा वेळी शो कॉन्फिग_फाइल करून बघा, तो वाचतोय ती फाइल आणि तुम्ही बदलताय ती फाइल एकच आहे ना. आवृत्ती वाढवल्यानंतर जुन्या आवृत्तीच्या फोल्डरमधली फाइल इमानेइतबारे बदलत बसणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. डेबियन-उबुंटूवर पीजी_एलएसक्लस्टर्स ही कमांड कोणता क्लस्टर, म्हणजे पोस्टग्रेसचा कोणता स्वतंत्र सर्व्हर, कोणत्या पोर्टवर आहे ते दाखवते. तिथे ५४३२ आणि ५४३३ अशा दोन ओळी आल्या की समजून जायचं, सर्व्हर दोन आहेत आणि फाइल बहुधा भलत्याचीच बदलली जातेय.

मायएसक्यूएलच्या ८.० पासून हेच काम परफॉर्मन्स_स्कीमामधलं व्हेरिएबल्स_इन्फो हे टेबल करतं. त्यात व्हेरिएबल_सोर्स आणि व्हेरिएबल_पाथ तर आहेतच, शिवाय चालू सर्व्हरवर कुणी बदल केला असेल तर सेट_युजर आणि सेट_टाइमसुद्धा. ‘मी काही हात लावला नाही’ या वाक्याचा निकाल तिथे लागतो. मारियाडीबीत इन्फर्मेशन_स्कीमामधल्या सिस्टम_व्हेरिएबल्समध्ये ग्लोबल_व्हॅल्यू_ओरिजिन हा कॉलम पाहायचा. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये सिस डॉट कॉन्फिगरेशन्समध्ये व्हॅल्यू आणि व्हॅल्यू_इन_यूज असे दोन कॉलम शेजारी शेजारी असतात. दोन्ही वेगळे दिसले तर तुमचा बदल नोंदला गेला आहे पण अमलात आलेला नाही.

बदल केल्याकेल्या गेलं

म्हणजे तो लागूच झाला नाही. याची कारणं साधी असतात, पण सर्व्हर ती लॉगमध्ये सांगतो आणि लॉग कुणी उघडत नाही.

काही सेटिंग रीलोडवर लागत नाहीत, रीस्टार्टच लागतो. पोस्टग्रेसमध्ये शेअर्ड_बफर्स आणि मॅक्स_कनेक्शन्स ही नेहमीची. पीजी_सेटिंग्जमध्ये कॉन्टेक्स्ट ‘पोस्टमास्टर’ असेल तर रीस्टार्टशिवाय पर्याय नाही. ‘सिगहप’, म्हणजे एसआयजीएचयूपी, असेल तर रीलोड पुरे. रीलोड झाल्यावर पेंडिंग_रीस्टार्ट टी झालेलं दिसलं तर तुमचा बदल रांगेत उभा आहे, हरवलेला नाही.

दुसरं कारण युनिटचं. वर्क_मेम बरोबर नुसतं ६४ लिहिलं तर पोस्टग्रेस ते ६४ केबी धरतो. आणि ६४ केबी ही या सेटिंगची किमान मर्यादा असल्यामुळे तो कुरकूरही करत नाही, मुकाट स्वीकारतो. डीफॉल्ट ४ एमबी असतं, म्हणजे वाढवायला गेलात आणि कैकपटींनी कमी करून आलात. एमबीतला ‘बी’ लहान लिपीत लिहिला तर मात्र व्हॅल्यू नाकारली जाते, कारण युनिटमध्ये लहान-मोठी अक्षरं वेगळी मानतात. आणि फाइलमध्ये कुठेही व्याकरणाची चूक असेल, समजा अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलं, तर त्या रीलोडमधला एकही बदल लागत नाही, दुसऱ्या टोकाला लिहिलेला तुमचा बिनचूक बदलसुद्धा नाही. म्हणून रीलोडच्या आधी पीजी_फाइल_सेटिंग्ज हा व्ह्यू बघायची सवय लावा. तो फाइल आत्ता जशी आहे तशी वाचून दाखवतो, आणि एरर कॉलममध्ये तक्रार असेल तर ती ओळ क्रमांकासह येते. ९.५ पासून हा आहे, तरी वापरणारे थोडे.

मायएसक्यूएलमध्ये कधी कधी सर्व्हर तुमची व्हॅल्यू घेतो आणि स्वतःच्या हिशेबाने बदलतो. इनोडीबी_बफर_पूल_साइझ (डेटा मेमरीत धरून ठेवायची जागा) हे चंक, म्हणजे एका तुकड्याचा आकार, आणि इन्स्टन्स, म्हणजे पूलच्या भागांची संख्या, यांच्या गुणाकाराच्या पटीत ठेवावं लागतं. १२८ एमबीचा चंक आणि ८ इन्स्टन्स असतील तर एक-एक जीबीच्या पायऱ्या झाल्या. २५०० एमबी मागितलं की मिळतात ३ जीबी. याला बिघाड म्हणत नाहीत.

याच जातीचं, पण जास्त छळणारं उदाहरण म्हणजे २१४. मॅक्स_कनेक्शन्स ५०० लिहिलं, रीस्टार्ट केलं, बघितलं तर २१४. हा आकडा दिसला की मला फाइल बघायचीसुद्धा गरज वाटत नाही. ऑपरेटिंग सिस्टमने मायएसक्यूएलला १०२४ फाइल उघडण्याची मुभा दिलेली असते. त्यातून टेबल कॅशसाठी ४०० दुणे ८०० आणि किरकोळ १० वजा केले की उरतात २१४. सर्व्हरने एरर लॉगमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की मर्यादा बदलली, ५०० मागितले होते. तेव्हा बदल करायचा तो मायएसक्यूएलमध्ये नाही, फाइलच्या मर्यादेत. आणि इथे अजून एक फसगत: लिमिट्स डॉट कॉन्फमध्ये आकडा वाढवून उपयोग नसतो, कारण सिस्टमडीने (लिनक्सवर सर्व्हिस सुरू-बंद करणारी यंत्रणा) सुरू केलेली सर्व्हिस त्या वाटेने जातच नाही. सिस्टमसीटीएल एडिट करून त्या सर्व्हिसला लिमिट_एनओफाइल (मधला अंडरस्कोर न देता, जोडून) द्यायचं, डीमन-रीलोड, आणि मग रीस्टार्ट.

एसक्यूएल सर्व्हरवाल्यांसाठी एकच वाक्य: एसपी_कॉन्फिगर चालवल्यावर जो संदेश येतो त्याच्या शेवटी ‘रीकॉन्फिगर चालवा’ असं लिहिलेलं असतं, ते चालवा. मॅक्स सर्व्हर मेमरीसारखं सेटिंग यादीत दिसतच नसेल तर आधी शो ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स १ करून पुन्हा रीकॉन्फिगर.

माझ्याकडे दिसतं, ॲप्लिकेशनला दिसत नाही

हा सेशनचा प्रश्न. मायएसक्यूएलमध्ये सेट ग्लोबल केलं तरी आधीपासून उघडी असलेली कनेक्शन जुन्याच सेशन-व्हॅल्यूवर चालतात, तुमचं स्वतःचंसुद्धा. वर शो व्हेरिएबल्स ही कमांड, ग्लोबल शब्द न घालता दिली, तर सेशनची व्हॅल्यू दाखवते. त्यामुळे सेट ग्लोबल, मग लगेच शो व्हेरिएबल्स, मग ‘अरे, बदललंच नाही’. शो ग्लोबल व्हेरिएबल्स म्हणा.

वेट_टाइमआउट तर याहून इरसाल. ग्लोबल ६०० केलं, शहाणपणाने नवीन कनेक्शन उघडून पाहिलं, तरी २८८००. कारण मायएसक्यूएलचा कमांड लाइन क्लायंट स्वतःला इंटरॅक्टिव्ह म्हणवतो, आणि अशा क्लायंटच्या सेशनमध्ये वेट_टाइमआउटची सुरुवातीची व्हॅल्यू इंटरॅक्टिव्ह_टाइमआउटमधून घेतली जाते. त्याचं डीफॉल्ट २८८००, म्हणजे आठ तास. ॲप्लिकेशनच्या कनेक्शनला ६०० मिळालेले असतात, फक्त तुम्ही बघायला बसलाय ती खिडकी चुकीची. म्हणून सेटिंग तपासायचं ते ॲप्लिकेशनच्याच युजरने, ॲप्लिकेशनच्याच वाटेने.

वाटेत कनेक्शन पूल असेल तर तोही हिशेबात धरा. पूल जुनी कनेक्शन धरून बसतो. ती बंद होऊन पुन्हा उघडेपर्यंत नवीन व्हॅल्यू त्यांना मिळत नाही. पीजीबाउन्सर, म्हणजे पोस्टग्रेससाठीचा असाच एक पूल, ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल तर सेट कमांडवर भरवसाच ठेवू नका. सेट एका कनेक्शनवर होतं, पुढची क्वेरी दुसऱ्यावर जाते, आणि तुमची व्हॅल्यू भलत्याच कुणाला मिळते. तिथे आल्टर रोल वापरा, किंवा त्या ट्रान्झॅक्शनपुरतं सेट लोकल.

आल्टर रोल करताना मात्र दोन गोष्टी. एक, ते नवीन लॉगिनला लागतं, चालू सेशनला नाही. दोन, ग्रुप रोलला दिलेलं सेटिंग त्यातल्या सदस्यांना वारशाने मिळत नाही, आणि सेट रोल करून त्या रोलमध्ये शिरलं तरी मिळत नाही. लॉगिन ज्या नावाने होतं त्याच नावाला द्यावं लागतं.

आणि ऑटो-कमिट. जीयूआय टूलमध्ये ते बंद असेल तर पोस्टग्रेसमधलं साधं सेटसुद्धा उघड्या ट्रान्झॅक्शनचा भाग असतं. पुढची क्वेरी चुकली, रोलबॅक केलं, की सेट परत फिरलं. याच कारणाने आल्टर सिस्टम चालवताना ‘ट्रान्झॅक्शनच्या आत चालणार नाही’ असा एरर येतो. ऑटो-कमिट चालू करून पुन्हा द्या. ॲप्लिकेशनची सेटिंग टेबलमध्ये ठेवलेली असतात तिथेही हाच खेळ: ग्रिडमध्ये व्हॅल्यू बदललेली दिसते, कमिट केलेली नसते, टूल बंद केल्यावर जाते.

रीस्टार्टनंतर गेलं

मायएसक्यूएलचं सेट ग्लोबल मेमरीतच राहतं. ८.० पासून सेट पर्सिस्ट आहे. ते चालू सर्व्हरलाही लावतं आणि डेटा डिरेक्टरीतल्या मायएसक्यूएलडी-ऑटो डॉट सीएनएफ या जेसन फाइलमध्येही लिहितं. ही फाइल बाकी सगळ्या फाइलींनंतर वाचली जाते. म्हणजे पोस्टग्रेसच्या ऑटो फाइलसारखाच सापळा इथेही आहे: आज सेट पर्सिस्ट केलंत, सहा महिन्यांनी दुसऱ्याने माय डॉट सीएनएफ बदललं, त्याचा बदल ‘टिकत नाही’. काढायचं असेल तर रीसेट पर्सिस्ट आणि व्हेरिएबलचं नाव. नाव द्यायला विसरू नका, नाहीतर पर्सिस्ट केलेलं सगळंच पुसलं जाईल. मारियाडीबीत सेट पर्सिस्ट नाही. तिथे फाइलच.

माझं मत विचाराल तर एका टीमने एकच वाट ठरवावी, एकतर फाइल किंवा पर्सिस्ट. दोन्ही वापरणाऱ्या टीममध्ये भांडणं ठरलेली.

फाइलमध्ये लिहूनही रीस्टार्टनंतर व्हॅल्यू लागत नसेल तर माय डॉट सीएनएफ नीट वाचा, ओळ नव्हे, तिच्या वरचं शीर्षक. चौकटी कंसात मायएसक्यूएलडी किंवा सर्व्हर असं सर्व्हरचं शीर्षक असेल तरच ती सर्व्हरची. फाइलच्या तळाशी ओळ चिकटवून दिली आणि तळाचा विभाग मायएसक्यूएलडम्पचा असला, तर ती बॅकअप टूलसाठी झाली. दुसरं, अशा फाइली अनेक असतात आणि ठरलेल्या क्रमाने वाचल्या जातात, शेवटची जिंकते. मायएसक्यूएलडीला व्हर्बोज आणि हेल्प हे दोन पर्याय दिले की सुरुवातीच्या ओळींतच तो कोणत्या फाइली कोणत्या क्रमाने वाचतो ते छापतो. इन्क्लूडडीअरने जोडलेल्या फोल्डरमधल्या फाइलीचं नाव लिनक्सवर डॉट सीएनएफनेच संपावं लागतं. माय डॉट सीएनएफ डॉट न्यू वगैरे नावं वाचली जात नाहीत.

तिसरं, परवानग्या. काही केल्या लागत नाही म्हणून वैतागून फाइलला ७७७ दिलं, तर मायएसक्यूएल ती फाइल कुणालाही लिहिता येते म्हणून दुर्लक्षित करतो. एक इशारा छापतो आणि पुढे जातो. म्हणजे आधी एक सेटिंग लागत नव्हतं, आता त्या फाइलमधलं एकही लागत नाही. ६४४ द्या.

विंडोजवर माय डॉट आयएनआय बहुधा प्रोग्रॅमडेटा या लपवलेल्या फोल्डरमध्ये असते, आणि लोक मात्र प्रोग्रॅम फाइल्समध्ये स्वतःची नवीन फाइल बनवतात. खरी फाइल कोणती ते सर्व्हिसच्या प्रॉपर्टीजमध्ये, डीफॉल्ट्स-फाइलच्या पुढे लिहिलेलं असतं. नोटपॅडने शेवटी डॉट टीएक्सटी चिकटवलं नाही ना, तेही एक्स्टेन्शन दाखवायचं चालू करून बघा.

ओरॅकलमध्ये आल्टर सिस्टम सेटच्या शेवटी स्कोप असतो: मेमरी, एसपीफाइल किंवा बोथ. सर्व्हर एसपीफाइलवर, म्हणजे तो स्वतः लिहू शकतो अशा सेटिंगच्या फाइलवर, उठला असेल तर काही न लिहिता बोथ धरलं जातं. पीफाइल या साध्या मजकुराच्या फाइलवर उठला असेल तर फक्त मेमरी, आणि रीस्टार्टला सगळं साफ. एसपीफाइल बायनरी असते, एडिटरमध्ये उघडून ‘थोडंसं’ बदलायला जाऊ नका.

रेडिसमध्ये कॉन्फिग सेट मेमरीत, कॉन्फिग रीराइट फाइलमध्ये. सर्व्हर फाइलशिवाय सुरू केला असेल तर रीराइट एरर देतं, लिहायला जागाच नाही म्हणून.

एसक्यूलाइटची गंमत वेगळी. तिथे सर्व्हर नाही, त्यामुळे ‘ग्लोबल’ही नाही. जर्नल_मोड वॉल केलं की ते डेटाबेस फाइलमध्येच राहतं, पुढच्या वेळीही असतं. पण फॉरेन_कीज, सिंक्रोनस, कॅश_साइझ, बिझी_टाइमआउट ही प्रॅग्मा, म्हणजे एसक्यूलाइटची सेटिंग देणारी कमांड, फक्त त्या कनेक्शनपुरती. प्रत्येक कनेक्शन उघडल्यावर ॲप्लिकेशनने ती पुन्हा द्यायची असतात, त्याला इलाज नाही. फॉरेन_कीज तर चालू ट्रान्झॅक्शनच्या आत दिलं तर काहीच करत नाही. आणि प्रॅग्माचं स्पेलिंग चुकलं तर एसक्यूलाइट एरर देत नाही, अनोळखी प्रॅग्मा गुपचूप सोडून देतो. म्हणून प्रॅग्मा दिला की लगेच व्हॅल्यूशिवाय तोच प्रॅग्मा विचारून उत्तर बघा.

काही दिवस ठीक होतं, मग गेलं

इथे शोध माणसाचा किंवा यंत्रणेचा. अन्सिबलसारखं टूल दर वेळी चाललं की स्वतःच्या साच्यातली फाइल आणून ठेवतं. पोस्टग्रेसचे अनेक सर्व्हर एकत्र सांभाळणारा पॅट्रोनी असेल तर पोस्टग्रेसक्यूएल डॉट कॉन्फ तोच लिहितो, आणि फाइलच्या डोक्यावर तसं बजावतोही. तिथे बदल पॅट्रोनीसीटीएल एडिट-कॉन्फिगने. मॅक्स_कनेक्शन्ससारखी काही सेटिंग तो थेट कमांड लाइनवरून देतो.

कंटेनरच्या आत शिरून फाइल बदलली असेल तर कंटेनर नुसता रीस्टार्ट केल्यावर बदल राहतो, तो काढून नवा उभा केल्यावर जातो. म्हणूनच आठवडाभर नीट चालतं आणि पुढच्या डिप्लॉयमेंटला गायब होतं. पोस्टग्रेसच्या अधिकृत इमेजमध्ये पोस्टग्रेस_पासवर्डसारखे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल डेटा डिरेक्टरी रिकामी असेल तेव्हाच वापरले जातात. डेटा एकदा तयार झाल्यावर कंपोज फाइलमध्ये पासवर्ड बदलून काही होत नाही, आल्टर रोलच करावं लागतं. एकटी फाइल बाहेरून माउंट केली असेल तर आणखी एक भानगड: काही एडिटर सेव्ह करताना नवीन फाइल लिहून जुनीच्या जागी ठेवतात, आणि कंटेनरला जुनीच दिसत राहते. त्यापेक्षा अख्खं फोल्डर माउंट करा. विंडोजवरून माउंट केलेली माय डॉट सीएनएफ कंटेनरमध्ये ७७७ दिसू शकते. तिचं पुढे काय होतं ते वर आलंच.

फेलओव्हर झाला असेल, म्हणजे मुख्य सर्व्हर पडून त्याची प्रत (रेप्लिका) त्याच्या जागी आली असेल, तर आल्टर सिस्टम आणि सेट पर्सिस्ट दोन्ही त्या-त्या सर्व्हरच्या फाइलमध्ये असतात, रेप्लिकावर पोचत नाहीत. याउलट पोस्टग्रेसचं आल्टर रोल आणि आल्टर डेटाबेस कॅटलॉगमध्ये, म्हणजे डेटाबेसच्याच आतल्या टेबलांत, असतं, त्यामुळे रेप्लिकावर जातं. साध्या पीजी_डम्पने घेतलेल्या बॅकअपमध्ये मात्र रोलची सेटिंग येत नाहीत. डम्प दुसरीकडे चढवल्यावर ‘सेटिंग उडाली’ वाटतं त्याचं कारण बऱ्याचदा हे.

ॲमेझॉन आरडीएस या क्लाउडवरच्या डेटाबेस सेवेवर फाइल तुमच्या हातात नसतेच. पॅरामीटर ग्रुप बदलायचा, तोही डीफॉल्ट ग्रुप बदलता येत नाही, स्वतःचा बनवून इन्स्टन्सला जोडायचा. स्टॅटिक पॅरामीटर रीबूट होईपर्यंत ‘पेंडिंग-रीबूट’ या अवस्थेत बसून राहतात.

एवढं करूनही सुटत नसेल तर

डिस्क भरली आहे का, फाइल असलेला भाग रीड-ओन्ली माउंट झाला आहे का, आणि सर्व्हर ज्या युजरखाली चालतो त्याला त्या फाइलवर लिहिता येतं का, हे बघा. सेट पर्सिस्ट, आल्टर सिस्टम, कॉन्फिग रीराइट यांना सर्व्हरच्या युजरची परवानगी लागते, तुमची नाही. लिनक्सवर परवानग्या ठीक दिसूनही नकार येत असेल तर एसईलिनक्स किंवा ॲपआर्मर या लिनक्सच्या जादा सुरक्षा-यंत्रणांचा लॉग उघडा.

आणि दुसऱ्याला विचारायला गेलात तर ‘सेव्ह होत नाही’ एवढंच सांगू नका. सर्व्हरची नेमकी आवृत्ती द्या, तुम्ही दिलेली कमांड किंवा लिहिलेली ओळ तिच्या विभागाच्या शीर्षकासकट द्या, पीजी_सेटिंग्ज किंवा व्हेरिएबल्स_इन्फोमधली त्या सेटिंगची पूर्ण ओळ द्या, रीलोड-रीस्टार्टच्या वेळच्या लॉगमधल्या आठ-दहा ओळी द्या, पासवर्ड खोडून. सर्व्हर कंटेनरमध्ये आहे, क्लाउडवर आहे की थेट मशीनवर, ते पहिल्याच वाक्यात सांगा. ही पाच गोष्टींची जुळवाजुळव करताना सोर्सफाइलच्या कॉलममध्ये अनोळखी नाव दिसलं, तर विचारायची गरज उरत नाही.